फ्रान्सचा नसलेला फ्रेंच चर

आज भिंतीच्या ओलीबद्दल बोलायचं आहे. ओल आपल्याला काही नवी नाही. पावसाळा लागला की मागची भिंत काळी पडते, पोपडे सुटतात, लोणा लागतो, धान्याची कणगी दुसऱ्या कोपऱ्यात सरकवावी लागते, आणि अंथरुणाचा कुबट वास दिवाळीपर्यंत जात नाही. आमच्या गटातल्या एका काकूंचं घर असंच. त्यांनी भिंतीच्या सिमेंट गिलाव्यासाठी गटाकडून एकदा कर्ज घेतलं, फेडलं. दोन वर्षांनी पुन्हा घेतलं, तेही फेडलं. तिसऱ्यांदा अर्ज आला तेव्हा बैठकीत कुणी काही बोलेना. काकूंचा हप्ता कधी चुकलेला नाही, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण तोच गिलावा, तीच भिंत आणि तेच कर्ज, हेही कुणाला पटत नव्हतं. गिलावा करणारा मिस्त्री दोन्ही वेळा छातीवर हात ठेवून सांगून गेला होता की आता थेंबही येणार नाही.

मग एक आजी म्हणाल्या, "भिंतीला किती औषध लावाल? पाण्याला वाट द्या की."

त्या वाटेचा शोध घेताना आम्ही वाचत वाचत फार लांब गेलो, अगदी अमेरिकेपर्यंत. तिथे या कामाला फ्रेंच ड्रेन म्हणतात. आपण फ्रेंच चर म्हणू. घराच्या वरच्या अंगाला चर खणायचा, त्याला उतार द्यायचा, तळाशी भोकं असलेला पाइप ठेवायचा आणि भोवती खडी भरायची. जमिनीतून घराकडे येणारं पाणी खडीत उतरतं, पाइपला लागतं आणि घराला वळसा घालून निघून जातं. पाणी आपल्यासारखंच आहे, सोपी वाट दिसली की अवघड वाटेला जात नाही. चिकण मातीतून झिरपायला त्याला दिवस लागतात, खडीतून ते लगेच पळतं. एवढंच त्याचं शास्त्र.

आम्हाला वाटलं, फ्रेंच म्हणजे फ्रान्सचा. तसं नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाचे एक अमेरिकन वकील आणि न्यायाधीश होते, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडलं असं मानलं जातं. त्यांचा जन्म 1813 चा, न्यू हॅम्पशायर राज्यातला. कोर्टाचं काम करता करता त्यांना शेतीचा नाद होता. 1857 साली ते युरोपात गेले, इंग्लंडमधली निचऱ्याची कामं डोळ्यांनी पाहिली आणि 1859 साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. दगडांचा चर, लाकडांचा चर, उघडा चर, भाजलेल्या मातीच्या नळ्यांचा चर असं सगळं त्यात आहे. पुढे ते मॅसॅच्युसेट्सच्या शेती महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष झाले. वॉशिंग्टनला अब्राहम लिंकनचा खुर्चीत बसलेला प्रचंड पुतळा आहे ना, फोटोत सगळ्यांनी पाहिलेला, तो घडवणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच हे यांचेच चिरंजीव. मुलाचा पुतळा जगाला ठाऊक आहे, बापाचा चर मात्र मातीखाली गेला.

त्या पुस्तकात घराच्या तळघरातल्या पाण्यावर एक वेगळं प्रकरण आहे. त्या थंड मुलुखात बटाटे, सफरचंदं, हिवाळ्याची बेगमी तळघरात ठेवत, आणि बर्फ वितळला की तळघरात पाणी साचे. ओलं तळघर आरोग्याला वाईट, असं फ्रेंच बजावतात. आणि पुढे म्हणतात की नुसतं सिमेंट लिंपून हे काम होणार नाही, पाणी काढूनच द्यावं लागेल. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं आणि काकूंनी डोक्याला हात लावला. दीडशे वर्षांपूर्वी एक वकील लिहून गेलेला, आणि आमच्या गटाची दोन कर्जं गिलाव्यात गेली!

पण हा शोध फ्रेंच यांचा नव्हे, आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही. रोमन काळात कोलुमेला नावाच्या लेखकाने पहिल्या शतकात शेतीवर लिहिताना झाकलेल्या चराची कृती दिली आहे. तीन फूट खोल खणा, निम्मा चर बारीक दगडांनी किंवा खडीने भरा, वर माती लोटा. दगड नसतील तर डहाळ्यांचा जाड दोर वळून तळाशी घाला. आपल्याकडे तर मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत चार हजार वर्षांपूर्वी विटांची झाकलेली गटारं होती. ती सांडपाण्याची, जमिनीत मुरलेल्या पाण्याची नव्हेत, हा फरक ध्यानात ठेवावा. त्याची गरज पुढे पडणार आहे.

आम्हाला सगळ्यात आवडली ती जोसेफ एल्किंग्टन या इंग्रज शेतकऱ्याची गोष्ट. शिक्षण बेताचं. वॉरविकशायरमध्ये त्याची शेती होती आणि ओल्या कुरणात मेंढरं रोगाने मरत होती. 1764 साली त्याने चर खणला, पण कुरण काही कोरडं होईना. तेवढ्यात एक माणूस पहार घेऊन चालला होता. एल्किंग्टनने ती पहार घेतली, चराच्या तळाशी ठोकली आणि वर ओढली. त्या भोकातून पाणी उसळून आलं. त्याच्या लक्षात आलं की पाणी वरून पडलेलं नाही, खालच्या थरात दाबून बसलेलं आहे आणि तिथून वर येतंय. मग तो गावोगाव फिरून पाणी नेमकं कुठून येतं ते शोधून द्यायला लागला. पार्लमेंटने त्याला एक हजार पौंडांचं बक्षीस दिलं, आणि हा माणूस स्वतः लिहिणारा नाही म्हणून त्याची रीत लिहून काढायला दुसऱ्याला पाठवलं. आमच्या आजींची रीत कोण लिहून काढणार, असं आमच्यातली एक पोरगी पटकन म्हणाली. म्हणून हे लिहितोय असं समजा.

एल्किंग्टनच्या देशातच पुढे या कामाला सरकारी पैसा मिळाला, आणि बचत गटाच्या बायांनी ही गोष्ट नीट ऐकावी. 1826 साली तिथल्या सरकारने निचऱ्याच्या कौलांवरचा कर माफ केला, मात्र कौलावर निचऱ्याचा शिक्का हवा, म्हणजे कुणी तीच कौलं घरावर चढवू नयेत. लबाडी सगळीकडे सारखीच. 1843 च्या सुमारास जॉन रीड नावाच्या माळ्याने गोल मातीच्या नळ्या केल्या. दोन वर्षांनी त्या यंत्रातून निघू लागल्या आणि स्वस्त झाल्या. मग 1846 साली पार्लमेंटने निचऱ्यासाठी वीस लाख पौंडांचं कर्ज देऊ केलं. हप्ता वर्षाला शेकडा साडेसहा पौंड, मुद्दल आणि व्याज धरून, बावीस वर्षांत फेड. पहिल्या दृष्टीला हे फार चांगलं वाटतं. पण कर्ज मिळे जमीनदाराला. चर खणला जाई कुळाच्या शेतात, आणि अनेक ठिकाणी जमीनदार त्या कर्जाचा बोजा खंडात वाढवून कुळाकडून वसूल करी. जमीन सुधारली जमीनदाराची, फेडलं कुळानं.

हे वाचून आम्ही थबकलो. काकूंनी दोनदा कर्ज फेडलं ते शेळ्या विकून आणि भांगलणीला जाऊन. घर कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर फक्त काकांचं नाव. काका वाईट नाहीत, पण नाव एकट्यांचं. भिंत सुधारली तरी घराची किंमत वाढली काकांची आणि हप्ता गेला काकूंचा. तिसऱ्या अर्जाच्या वेळी हा विषय पहिल्यांदा निघाला. गटाने तशी अट घातली नाही, कारण कर्जाला अशी अट घालणं आम्हाला बरोबर वाटलं नाही. पण दोघी-तिघी काकूंच्या घरी जाऊन बसल्या, चहा घेतला आणि काकांसमोर बोलल्या. काका आधी हसण्यावारी नेत होते. मग गप्प झाले. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

त्याआधी अमेरिकेत परत जाऊ, कारण फ्रेंच यांच्याही आधी तिथे एक जण होऊन गेला. जॉन जॉन्स्टन. स्कॉटलंडमधून 1821 साली आला आणि न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा गावाजवळ सेनेका तळ्याच्या काठी शेती घेतली. जमीन चिकण, पाणी धरून ठेवणारी. त्याने मायदेशाहून निचऱ्याच्या कौलाचा नमुना मागवला आणि 1838 साली जवळच्या वॉटर्लू गावच्या कुंभारकाम करणाऱ्याकडून तशी कौलं हाताने थापून घेतली. शेजारी हसत, म्हातारा शेतात खापरं पुरतोय म्हणत. त्याचा गहू पाहिल्यावर हसणं थांबलं. त्याने आपल्या शेतात एकूण सुमारे 72 मैल नळ्या घातल्या असं सांगतात. म्हणजे सुमारे एकशे सोळा किलोमीटरचं काम झालं हे.

या गोष्टीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. पुढच्या पन्नास वर्षांत ओहायो, इलिनॉय, आयोवा अशा राज्यांतल्या दलदली याच नळ्यांनी कोरड्या झाल्या. मक्याचं सोनं पिकलं, हिवतापही कमी झाला. पण ओहायोतल्या पाणथळ जागांपैकी सुमारे नव्वद टक्के आज उरलेल्या नाहीत. पक्षी गेले, पूर अडवणारी जमीन गेली. त्या दलदलीच्या मुलुखांत आधी राहणाऱ्या मूळ रहिवाशांना तर त्याआधीच हुसकून लावलं होतं. पाणी काढून देणं ही चांगली गोष्ट खरी, पण ते कुठे काढून देता याचा हिशेब कुणीतरी पुढे भरतंच.

तो हिशेब तिथल्या लोकांनाही चुकला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये काँकर्ड नदीकाठची गवताची कुरणं दरवर्षी बुडत, आणि शेतकरी खालच्या अंगाच्या बिलेरिका गावच्या गिरणीच्या बांधाला दोष देत. 1859 साली त्यांनी नदीची मोजणी करवून घेतली. मोजणी करणारा होता हेन्री डेव्हिड थोरो, ज्याचे विचार पुढे गांधीजींनी आवडीने वाचले. 1860 साली बांध उतरवायचा कायदा झाला. गिरणीवाल्यांनी जोर लावला आणि 1862 मध्ये तो रद्दही झाला. वरच्याची ओल आणि खालच्याची गिरणी. पाण्याचं भांडण गावकीत मिटत नाही ते असं.

आपल्याकडेही ही गोष्ट आहेच. नीरेचा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, आणि काही वर्षांत जमिनी पाणथळ होऊन खारावू लागल्या. खडकवासल्याला केंद्र सरकारची पाण्यावर संशोधन करणारी मोठी संस्था आहे, तिची सुरुवात 1916 साली मुंबई इलाख्याच्या पाटपाण्याच्या प्रश्नांसाठीच झाली. आणि आज सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत भोकाचे पाइप पुरतात ते काय आहे? जॉन्स्टनची खापरंच, फक्त प्लास्टिकची. पुरुष मंडळी शेतात निचऱ्याला लाखो रुपये घालतात, घराच्या भिंतीचं मात्र बायकांनी बघायचं.

बायकांनी बघायचं, यावरून आठवलं. हॅरिएट प्लंकेट नावाच्या एक अमेरिकन बाई होत्या. त्यांनी 1885 साली बायका, नळकाम आणि डॉक्टर यांच्यावर एक पुस्तक लिहिलं. घर हे बाईचं क्षेत्र असं सगळे म्हणतात ना, मग घराखालची मोरी, भिंतीची ओल, विहिरीचं पाणी हेही बाईने समजून घ्यायचं, म्हणजे डॉक्टरकडे जायची वेळ कमी येईल, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आरोग्याला पोषक घराच्या पाच गोष्टी सांगितल्या होत्या, त्यात शुद्ध हवा, शुद्ध पाणी, स्वच्छता आणि उजेडाच्या बरोबरीने निचरा आहे. या नाइटिंगेलबाई भारतात कधी आल्या नाहीत, पण इथल्या पाटपाण्यावर आणि खेड्यांच्या आरोग्यावर लिहीत राहिल्या, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. आम्ही बी.ए.ला इतिहास शिकलो, पण नाइटिंगेल म्हणजे दिवा घेतलेली परिचारिका, एवढंच शिकलो.

आता आमचं काम सांगते. एल्किंग्टनची गोष्ट ऐकल्यामुळे आम्ही लगेच चर खणला नाही. श्रावणात, पाऊस चांगला मुरल्यावर, काकूंच्या घरामागे तीन ठिकाणी हातभर रुंदीचे खड्डे घेतले. दीड फुटावर पाणी लागलं. त्याखाली दोन फुटांवर घट्ट पिवळी माती, पहारीला दाद न देणारी. वरच्या उसाच्या रानातून मुरलेलं पाणी त्या थरावरून सरळ भिंतीकडे येत होतं. भिंतीत वर चढलेली ओल ती. पण एका कोपऱ्यात मात्र पागोळ्यांचं पाणी जोत्यावर पडत होतं, त्याला चर नको, पन्हळ हवी. ज्यांच्याकडे फक्त पागोळ्यांचा त्रास असेल त्यांनी आधी पन्हळ लावावी आणि भिंतीपासून बाहेर उतार होईल अशी मुरमाची भर घालावी. निम्म्या घरांचं काम तेवढ्यावर भागतं.

पाया किती खोल आहे हेही उकरून पाहिलं. अडीच फूट निघाला. चर पायापेक्षा खोल नेला किंवा भिंतीला चिकटून खणला तर भिंतच खचायची, म्हणून भिंतीपासून चार फूट सोडले आणि खोली दोन फूट धरली. लांबी चाळीस फूट, रुंदी एक फूट. शंभर फुटाला एक फूट उतार, म्हणजे चाळीस फुटांत साधारण पाच इंच. पाणलोटाच्या कामावर हायड्रोमार्कर धरलेल्या दोघी गटात होत्याच, त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून उतार काढला. खडी मोजली तर ऐंशी घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासाहून थोडी जास्त. चैत्रात जमीन कोरडी असताना खणलं, दोन मजूर आणि बाकी आमचं श्रमदान.

तळाला थोडी खडी, त्यावर भोकाचा पाइप, भोकं खालच्या बाजूला. वर का नाहीत, असं सगळ्यांनीच विचारलं. पाणी चरात खालून वर भरत येतं, म्हणून भोकं खाली असली की लवकर आत शिरतं. मग वरपर्यंत खडी, आणि माती आत येऊ नये म्हणून पाणी सोडणारं गाळणीचं कापड सगळ्याला गुंडाळलेलं. काळ्या मातीत हे कापड टाळू नका, नाहीतर दोन पावसांत खडी बुजते. जुनं सुती लुगडं कुजतं, आणि प्लास्टिकच्या पोत्यातून पाणी नीट जात नाही. न्हाणीचं, मोरीचं पाणी या चरात सोडायचं नाही. मघाशी मोहेंजोदडोचा फरक सांगितला तो यासाठी. साबणाच्या आणि खरकट्याच्या गाळाने चर तुंबतो, त्यासाठी शोषखड्डा वेगळा.

भांडण झालं ते शेवटच्या टोकाला. चराचं पाणी ओघळीला सोडायचं तर मध्ये काकूंच्या धाकट्या दिरांचं अंगण. ते म्हणाले, तुमची ओल माझ्या दारात नको. बरोबरच होतं त्यांचं. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की त्यांच्या अंगणातून जाणारा पाइप बिनभोकाचा, जमिनीखालून, थेट ओघळीपर्यंत, आणि तुंबला तर काढायची जबाबदारी काकूंची. हे गटाच्या रजिस्टरात लिहिलं, दोन्ही घरांच्या सह्या घेतल्या. जावेने सही करताना विचारलं, मग आमच्या भिंतीचं कधी?

कर्ज झालं दुसऱ्या गिलाव्यापेक्षा कमीच. पावसाआधी काकूंनी भिंतीवर कोळशाने रेघ मारून ठेवली होती, गेल्या साली ओल कमरेपर्यंत चढली होती तिथे. आषाढ-श्रावण गेला. ओल घोट्याच्या वर गेली नाही. पन्हळीच्या कोपऱ्यात अजून काळं आहे, कारण पन्हळ लावायची राहिली, पैसे संपले. आणि नमुना आठवर नाव लावायचा अर्ज काकांनी भाद्रपदात ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच मिळाली आहे, उतारा अजून आलेला नाही.